क्षयाच्या गोळीपासून प्रोझॅकपर्यंत : डिप्रेशनच्या औषधांचे साइड इफेक्ट आणि त्यांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चार दिवसांपासून चक्कर, मळमळ, रात्री भलतीसलती स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. मी बीपी पाहिलं, उभं करून परत पाहिलं. शुगर केली, ईसीजी काढला. सगळं ठीक. कानाचा दोष असेल म्हणून ईएनटीवाल्यांना चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात बरोबर आलेली मुलगी म्हणाली, "काका, आईने ती डिप्रेशनची गोळी बंद केलीय. सोमवारपासून."

गोळी होती पॅरोक्सेटीन. आठ महिने चालू होती आणि बाई छान सावरल्या होत्या. मग घरात कुणीतरी म्हणालं, "अशा गोळ्यांची सवय लागते, बरी झालीस ना, सोडून टाक." त्यांनी एका दिवसात सोडली. "कुठली गोळी नुकतीच सुरू केली किंवा बंद केली?" हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही तो मी ईसीजी काढून झाल्यावरसुद्धा विचारला नव्हता.

बाईंनी मात्र दोन प्रश्न विचारले. "सोडल्यावर एवढा त्रास होतो, म्हणजे हे व्यसनच झालं ना, डॉक्टर?" आणि दुसरा जास्त अडचणीचा : "तुम्हीच म्हणाला होतात, मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय. मग आठ महिन्यांत ते भरून नाही का निघालं?"

मी तसं म्हणालो होतो, हे खरं आहे. शेकडो पेशंटना म्हणालो असेन. ओपीडीत पाच मिनिटांत सांगायला ते सोपं पडतं : डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी, थायरॉइडमध्ये हार्मोन कमी, तसं डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी. पण ते तितकंसं खरं नाही. ही कल्पना आली कुठून, ते कळायला या औषधांचा इतिहास बघावा लागतो. आणि तो इतिहास पहिल्यापासून साइड इफेक्टचाच आहे.

टीबीच्या वॉर्डातला नाच

१९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटवर दोन नवी औषधं वापरून पाहिली जात होती. एक आयसोनायाझिड. ते आजही टीबीच्या उपचारात पहिल्या फळीत आहे, आपल्याकडे लाखो लोक घेतात. दुसरं त्याचं भावंड, आयप्रोनायाझिड. दोन्ही हायड्रॅझिनपासून बनलेली, आणि हायड्रॅझिन हे महायुद्धात जर्मन रॉकेटच्या इंधनात वापरलं जाणारं रसायन.

फुप्फुसं पोखरलेली, महिनोन् महिने खाटेला खिळलेली ही माणसं. औषध सुरू झालं आणि त्यांना भूक लागू लागली, वजन वाढलं. शिवाय ती बोलू लागली, हसू लागली, काही जण तर वॉर्डात नाचू लागले. त्या नाचाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. मरणाच्या दारातून परत आल्याचा हा आनंद असेल असं कुणालाही वाटेल, आणि काही प्रमाणात तसं असेलही. पण आयप्रोनायाझिडवाल्यांचा उत्साह जरा जास्तच होता. टीबीच्या डॉक्टरांच्या दृष्टीने तो साइड इफेक्ट होता. आजारी माणसाने विश्रांती घ्यायची तर तो वॉर्डभर फिरतोय!

त्याच वर्षी अर्न्स्ट झेलर या संशोधकाने दाखवलं की आयप्रोनायाझिड हे 'मोनोअमाइन ऑक्सिडेज' नावाचं एन्झाइम बंद पाडतं. हे एन्झाइम म्हणजे मेंदूतला एक झाडूवाला समजा. नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन वगैरे रसायनं काम झाल्यावर मोडून टाकणं हे त्याचं काम. झाडूवाला सुट्टीवर गेला की ही रसायनं साठत जातात.

नेथन क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने पुढे हे औषध टीबी नसलेल्या, पण खिन्न आणि गळून गेलेल्या रुग्णांना दिलं आणि १९५७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. औषध टीबीसाठी बाजारात होतंच, त्यामुळे डॉक्टरांना वाट पाहायची गरज नव्हती. थोड्याच काळात ते प्रचंड प्रमाणात वापरलं गेलं. मग काविळीचे रुग्ण दिसू लागले. लिव्हरला इजा होऊन काही जण दगावले आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून गेलं.

सर्पगंधा आणि केईएम

या क्लाइनसाहेबांची आधीची प्रसिद्धी एका भारतीय मुळीमुळे होती. सर्पगंधा. आपल्याकडे ती शतकानुशतकं वेडाच्या आणि झोपेच्या औषधांत वापरली गेली आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं होतं, पण इंग्रजी वैद्यकविश्वाचे डोळे उघडले ते मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने. 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी वाढलेल्या बीपीच्या ५० रुग्णांवरचा अनुभव मांडला. त्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं. मुळीतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं आणि ते जगभर गेलं. १९५७ चे लास्कर पुरस्कार पाहिलेत तर त्यात वकील आहेत, सर्पगंधेसाठी, आणि क्लाइनही आहेत, तेच रेसर्पिन मनोरुग्णांवर वापरल्याबद्दल. आमच्या कॉलेजात वकिलांचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते फार उशिरा कळलं.

तर बीपीसाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही लोकांना उदास वाटू लागलं. काहींचं डिप्रेशन गंभीर होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की रेसर्पिन प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं करतं.

आता दोन आणि दोन जोडा. एक औषध ही रसायनं साठवतं, त्याने माणसं नाचतात. दुसरं औषध ती रिकामी करतं, त्याने माणसं खचतात. म्हणजे डिप्रेशन हे या रसायनांच्या कमतरतेनेच होत असणार! १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनालिनच्या बाजूने हा सिद्धांत मांडला, १९६७ मध्ये ब्रिटनच्या ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने. मी बाईंना जे पाच मिनिटांत सांगितलं होतं त्याचं मूळ इथे आहे.

तर्क देखणा होता, पण त्यात पहिल्यापासून खडे होते. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या लोकांना रेसर्पिन दिलं, तर त्यांना उलट बरं वाटलं. तो लेख मागे पडला. शिवाय या गोळ्या मेंदूतल्या रसायनांची पातळी काही तासांत बदलतात, मग मन बदलायला दोन ते चार आठवडे का लागतात? आणि निरोगी माणसांचं सेरोटोनिन प्रयोगात मुद्दाम कमी केलं, तर बहुतेकांना डिप्रेशन होत नाही. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आजवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा नाही. त्यावर वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, 'गोळ्या खोट्या' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरले. मेंदूवर संशोधन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यात नवीन काही वाटलं नाही. कारण असं आहे : पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप हा पॅरासिटामॉल कमी पडल्याने आलेला नसतो. औषध कसं काम करतं याचं स्पष्टीकरण चुकलं, म्हणून औषध काम करत नाही असं होत नाही. काम करतं की नाही ते वेगळं तपासावं लागतं. त्याकडे येऊच.

सरोवराकाठचं इस्पितळ

दुसरा धागा स्वित्झर्लंडचा. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाच्या गावात एक मनोरुग्णालय होतं. तिथले डॉक्टर रोलंड कून. गायगी कंपनीने त्यांना एक रसायन पाठवलं होतं, क्रमांक जी २२३५५. स्किझोफ्रेनियाच्या नव्या औषधासारखं काही निघतं का, हे बघायचं होतं. तिथे ते साफ फसलं, काही रुग्ण तर जास्तच उत्तेजित झाले. मग जानेवारी १९५६ मध्ये कून यांनी ते तीव्र डिप्रेशन असलेल्या एका बाईंना दिलं. काही दिवसांत त्यांच्यात फरक दिसला. आणखी रुग्णांना दिलं. कून यांचं वर्णन मला आवडतं, कारण त्यात कुठलंही मोजमाप नाही : माणसं सकाळी आपणहून उठतात, मोठ्याने बोलतात, इतरांत मिसळतात. आम्ही आजही नातेवाइकांना हेच विचारतो. "आंघोळ सांगावी लागते का? चहाला आपणहून येऊन बसतात का?"

सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. पुढच्या वर्षी औषध बाजारात आलं : इमिप्रामीन. तीन कड्यांची रचना म्हणून या गटाला 'ट्रायसायक्लिक' म्हणतात. अमिट्रिप्टिलीन हे त्याचं भावंड आम्ही आजही नसांच्या दुखण्यावर आणि मायग्रेनवर लहान डोसमध्ये देतो, तेव्हा केमिस्टने "ही डिप्रेशनची आहे" असं सांगितलं तर घाबरू नका.

कून यांच्याबद्दल दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या इस्पितळातली जुनी कागदपत्रं इतिहासकारांनी तपासली आणि २०१९ मध्ये अहवाल आला. अनेक दशकं, मान्यता न मिळालेली औषधं हजारो रुग्णांना दिली गेली होती, बऱ्याचदा त्यांना न विचारता. ज्या बाईंनी जगाला पहिली मोठी डिप्रेशनची गोळी दिली, त्यांची संमती कुणी घेतली होती का? त्या काळी तसा रिवाज नव्हता, हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही.

इमिप्रामीनचे साइड इफेक्ट भरपूर. तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, धूसर दिसणं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकणं, उठताना बीपी खाली येणं. सगळ्यात वाईट म्हणजे ओव्हरडोस झाला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू. म्हणजे ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत त्याच्याच हातात आपण महिनाभराचा विषारी साठा देत होतो. इंटर्नशिपमध्ये रात्रीच्या कॅज्युअल्टीत असे दोन पेशंट मी पाहिले. त्यातला एक वाचला नाही. तेव्हापासून मी पहिली चिठ्ठी सात दिवसांच्या वर देत नाही आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवायला सांगतो. नव्या गोळ्या कमी धोक्याच्या आहेत, तरी ती सवय मोडलेली नाही.

आणि बाईंच्या डोक्यातला करंट? इमिप्रामीन अचानक थांबवलं की मळमळ, डोकेदुखी, चक्कर, अस्वस्थता येते, असं १९५९ मध्येच लिहिलं गेलं होतं. म्हणजे औषध बाजारात येऊन वर्षभरात. मी जन्मलोही नव्हतो.

चीज खाऊन डोकं दुखलं

आयप्रोनायाझिड गेलं तरी त्या गटातली इतर औषधं राहिली होती. १९६३ मध्ये लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की ही औषधं घेणाऱ्यांची अचानक भयंकर डोकेदुखी होते, बीपी उसळतं, काहींना मेंदूत रक्तस्राव होतो. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने त्यांना पत्र पाठवलं : माझ्या बायकोला असा त्रास दोनदा झाला, दोन्ही वेळा तिने चीज खाल्लं होतं. चीजचा काही संबंध आहे का?

सुरुवातीला पत्राची चेष्टाच झाली. पण ब्लॅकवेल यांनी पाठपुरावा केला आणि फार्मासिस्टचं म्हणणं खरं निघालं. मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन नावाचा पदार्थ असतो. एरवी आतड्यातला आणि लिव्हरमधला तोच झाडूवाला त्याचा निकाल लावतो. गोळीने तो बंद पडला की टायरामीन थेट रक्तात जातं, नॉरॲड्रेनालिनचा लोंढा सुटतो आणि बीपी आकाशाला भिडतं. (आपलं पनीर ताजं असतं, मुरवलेलं नसतं. त्याच्यावर हा आळ नको.) पेशंटच्या नवऱ्याचं ऐकलं म्हणून किती जीव वाचले असतील. पेशंट "हे खाल्लं की ते होतं" म्हणतात तेव्हा मी निदान लिहून तरी ठेवतो.

ही औषधं आता क्वचितच दिसतात. पण एक आठवण ठेवा. लिनेझोलिड हे प्रतिजैविक त्याच एन्झाइमला थोडं अडवतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ते आज वापरलं जातं. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर टीबीच्या डॉक्टरांना, सर्जनना, दातांच्या डॉक्टरांनासुद्धा जरूर सांगा. ट्रामाडॉल या वेदनाशामकाबाबतही तेच. दोन्ही एकत्र झाली तर सेरोटोनिन अती होऊन ताप, थरथर, गोंधळ अशी गंभीर अवस्था येऊ शकते.

प्रोझॅक

पुढचा प्रवास सरळ आहे : जुन्या गोळ्यांचे त्रास टाळून फक्त सेरोटोनिनवर नेम धरायचा. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांच्या कामातून झिमेलिडीन आलं, १९८२ मध्ये विक्रीला आणि १९८३ मध्ये मागे. कारण काही जणांना गियाँ-बारे सिंड्रोम झाला. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याचे रुग्ण अचानक वाढले होते तोच जीबीएस. मग एलाय लिली कंपनीचं फ्लुओक्सेटीन, प्रयोगशाळेत १९७२ मध्ये तयार झालेलं, अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं. नाव प्रोझॅक. दिवसाला एक कॅप्सूल, तोंड फारसं कोरडं नाही, ओव्हरडोसमध्ये सहसा जीव जात नाही. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांच्या हातातलं औषध आमच्यासारख्या फिजिशियनच्या हातात आलं. १९९० मध्ये 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर ती कॅप्सूल झळकली. आणि 'केमिकल इम्बॅलन्स' हे शब्द जाहिरातींतून घराघरांत गेले, आमच्या तोंडीही बसले.

सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, एस्सिटालोप्राम ही याच घरातली. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, जुलाब, अस्वस्थता, झोपेची गडबड होते, नंतर बहुतेकांची ओसरते. म्हातारपणी रक्तातलं सोडियम कमी होऊन गोंधळ होऊ शकतो. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं बरोबर असतील तर पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लैंगिक त्रासाबद्दल मात्र इतिहास लाजिरवाणा आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत तो फार थोड्यांना होतो असं दिसलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पुढे स्पेनमध्ये हजारभर रुग्णांना नेमके प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी 'हो' सांगितलं. इच्छा कमी होणं, उशीर लागणं, समाधान न होणं. माझ्या दवाखान्यात पुरुष हे दाराशी गेल्यावर वळून, हळू आवाजात विचारतात. बायका विचारतच नाहीत, गोळी बंद करून टाकतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण सांगितलं तर.

दुसरी गंभीर गोष्ट. १९९० मध्येच बोस्टनच्या डॉक्टरांनी लिहिलं की प्रोझॅक सुरू केल्यावर काही रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार नव्याने उसळले. कंपनी आणि नियामक यांच्यात बराच वाद चालला. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मुलं आणि किशोरांसाठी काळ्या चौकटीतली सूचना घातली, २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंत वाढवली. घरात तरुण मुलाला किंवा मुलीला गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. अचानक बेचैनी, येरझाऱ्या, झोप उडणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. मध्यरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

मग उपयोग होतो की नाही?

होतो. पण जाहिरातीइतका नाही आणि व्हॉट्सॲपवाले म्हणतात तितका कमीही नाही. १९६५ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत चार आठवड्यांनी इमिप्रामीनवर सुमारे निम्मे रुग्ण सुधारले होते. साध्या साखरेच्या गोळीवर दहातले जवळपास चार. हा फरक साठ वर्षांत फारसा बदललेला नाही. २०१८ मध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र केल्या, त्यात २१ औषधं होती : सगळी प्लासिबोपेक्षा सरस, पण सरासरी फरक माफक. सरासरीत एक गोष्ट लपते. काहींना गोळीने काहीच होत नाही आणि काहींचा अक्षरशः जन्म बदलतो. कोण कुठल्या गटात, ते आधी सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. तशी म्हणून विकली जाते, पैसे वाया घालवू नका.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या लोकांनी तिथल्या सरकारी ओपीडीतल्या रुग्णांवर अभ्यास केला, २००३ मध्ये तो छापून आला. काहींना फ्लुओक्सेटीन, काहींना हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी, काहींना समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटीनवाले पुढे होते, समुपदेशन मात्र रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दुसरा कुणी असता तर "आपल्या लोकांना बोलण्याचा उपयोग नाही" म्हणून मोकळा झाला असता. या मंडळींनी पद्धत बदलली. गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी पेशंटबरोबर बसून रोज करायच्या छोट्या गोष्टी ठरवायच्या : शेजारणीकडे जायचं, परसातल्या झाडांना पाणी घालायचं, अडलेलं एक काम सोडवायचं. सहा ते आठ भेटी. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, तीव्र डिप्रेशनच्या सुमारे ५०० रुग्णांमध्ये, ही मदत मिळालेले लोक नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त संख्येने बरे झाले. मला गोळ्यांच्या कुठल्याही नव्या शोधापेक्षा हा अभ्यास मोठा वाटतो. आमच्या भागात असं माणूस मिळत नाही, म्हणून मी गोळी लिहितो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

सवय, व्यसन आणि सोडणं

आता बाईंचा पहिला प्रश्न. व्यसनात डोस वाढवत न्यावा लागतो, गोळीची ओढ लागते, माणूस तिच्यासाठी खोटं बोलतो. या गोळ्यांत तसं होत नाही. पण शरीराला गोळीची सवय होते, आणि ती अचानक काढली तर शरीर तक्रार करतं. "सवय लागत नाही हो" असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो ते अर्धंच खरं होतं. पॅरोक्सेटीन शरीरातून लवकर जातं म्हणून त्याचा झटका जोरात, फ्लुओक्सेटीन आठवडे रेंगाळतं म्हणून सौम्य. (आपल्याकडे एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं. त्यातलं क्लोनाझेपाम हे खरोखर सवय लावणारं आहे. पाकिटावर दोन नावं आहेत का ते बघा आणि डॉक्टरांना विचारा.)

सोडल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर-करंट सुरू झाले आणि गोळी परत घेताच गेले, तर तो सोडल्याचा त्रास. आठवड्यांनंतर हळूहळू भूक, झोप, रस जात चालला, तर आजार परततोय. या दोहोंची गल्लत डॉक्टरांकडूनही होते, आणि मग माणूस उगाच "जन्मभर गोळी" या शिक्क्याखाली जातो.

२०२१ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत, बरं वाटत असलेल्या आणि दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या ४७८ लोकांपैकी निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली, त्यांना नकळत. वर्षभरात सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं डिप्रेशन परतलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं. हे आकडे मी बाईंना कागदावर लिहून दाखवले. त्या गणित शिकवतात. म्हणाल्या, "म्हणजे सोडूनही शंभरातले चव्वेचाळीस ठीक राहिले. आणि घेऊनही एकोणचाळीस पडले." बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी वाचता येतो हा आकडा. पहिलाच झटका असेल तर बरं वाटल्यावर निदान सहा महिने गोळी ठेवावी, दोन-तीनदा येऊन गेलं असेल तर जास्त, असा आमचा साधारण नियम आहे.

बाईंचा तो पहिलाच झटका होता. बरं वाटायला लागून सहा महिने झाले होते, त्यामुळे सोडायला हरकत नव्हती, एका दिवसात मात्र नाही. गोळी परत सुरू केली, दोन दिवसांत करंट थांबला. दिवाळीपर्यंत थांबलो. मग चार महिन्यांत डोस कमी करत आणला, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात लहान ठेवले. कारण शेवटच्या छोट्या डोसचासुद्धा मेंदूवर बराच परिणाम असतो, अर्ध्यावरून शून्यावर उडी मारली की पाय घसरतो. जानेवारीत एक आठवडा वाईट गेला तेव्हा एक पायरी मागे आलो, पंधरा दिवस थांबलो, परत उतरलो. रोज संध्याकाळी मुलीबरोबर तळ्यापर्यंत चालणं त्यांनी गोळीच्या आधीच सुरू केलं होतं, ते सोडू नका एवढं सांगितलं.

मार्चमध्ये गोळी पूर्ण बंद झाली. परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर त्या बीपी दाखवायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी कुणी चक्कर येते म्हणून आलं तर आधी गोळ्यांचं विचारा, डॉक्टर. आता ती पाटी मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे.